गुरुजी किती वेळा पडले

मुल्लाणी गुरुजी गुऱ्हाळाच्या काहिलीत पडले, त्या वेळी ते स्वतः घरी पाटावर बसून पिठलं-भाकरी खात होते. पडले ते पडद्यावर, संध्याकाळच्या खेळाला, साडेसहाशे माणसांसमोर. पण पडद्यावर पडणं आणि खरोखर पडणं यांतला फरक समजून घ्यायला गल्लीला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या धोंडुबाईनं चरवी खाली ठेवली आणि गुरुजींना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

“लई भाजलं न्हाई न्हवं?” तिनं विचारलं.

चित्रपटाचं नाव ‘आभाळ पैलवान’. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत तो कोल्हापुरात लागला आणि हलेना. एका पैलवानावर आखाड्यातच वीज पडते, तो मरायचं सोडून उडायला लागतो, आणि मग खांद्याला घोंगडं बांधून पंचगंगेवर घिरट्या घालत गुंडांना उचलून नेतो, अशी कथा. इथपर्यंत गुरुजींची काही तक्रार नव्हती. पैलवानानं उडू नये असा कुठं नियम नाही. पण त्या गावात एक गुरुजीही होते. गोल भिंगांचा चष्मा, काळी टोपी, काखेत छत्री आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘बाळांनो’. हे गुरुजी बैलाला बिचकून शेणात पडत, शेणातून उठून हौदात पडत, आणि मध्यंतराच्या जरा आधी उसाच्या रसाच्या काहिलीत पडून अंगभर गूळ थापलेले असे बाहेर येत. पुढचे तीन प्रसंग मुंगळे त्यांच्या मागं असत.

नामावळीत लिहिलं होतं, ‘कथा-पटकथा : आकाराम’. हा आकाराम चौथीला मुल्लाणी गुरुजींच्या वर्गात होता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कसं नसणार? आकाराम सिनेमात गेल्यापासून, गेली पाच वर्षं, स्वतः गुरुजीच ते सगळ्यांना सांगत होते. शिवाय चष्मा, टोपी, छत्री आणि ‘बाळांनो’ हे चारही पुरावे गुरुजी रोज अंगावर घेऊन बाजारात जात.

छत्तीस वर्षं त्यांनी शिकवलं होतं. एकाही पोराच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. वर्गात छडी ठेवायला खुंटी होती, तिच्यावर ते फळ्याचं फडकं वाळत घालत. अशा माणसाला आता वाणी गुळाची ढेप दाखवून विचारी, “ह्या काहिलीतली देऊ का त्या?” चार दिवसांत त्यांचं नाव ‘काहिलीतले गुरुजी’ पडलं. नाव पडायला चार दिवस लागतात. पडलेलं नाव उचलायला किती लागतात याचा हिशेब कुठल्याच अंकगणितात नाही.

सल्ले मात्र भरपूर आले. शेजारच्या वकिलाच्या कारकुनानं अब्रुनुकसानीची नोटीस लिहून द्यायची तयारी दाखवली. साक्षीदार म्हणून काहिलीचा मालक आणा म्हणाला. न्हावी म्हणाला, मिशी ठेवा, म्हणजे ओळख बदलेल. धोंडुबाईचं म्हणणं, एकदा जाऊन बघून या, सिनेमातलं गुरुजी तुमच्यापरीस गोरं हाईत. गुरुजींच्या पत्नी सुलतानबी यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “छत्री बदला. एवढ्यानं भागतंय.”

“छत्री का बदलायची?” गुरुजी म्हणाले. “मी काय चोरी केलीय?”

गुरुजींना खात्री होती की आकारामनं असं लिहिलेलंच नसणार. शनिवारी अर्धी शाळा असे तेव्हा ते वर्गाला एका उडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत. आकाराम पहिल्या ओळीत बसून ती ऐके. म्हणजे मूळ बी आपलं. आकारामनं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात एक थोर शिक्षक असणार, त्यानंच त्या पैलवानाला उडण्याचं बळ दिलं असणार. मग सिनेमावाल्यांनी हात घातला आणि थोर शिक्षकाला शेणात पाडलं. हे सिद्ध करायचं तर तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला हव्यात. सिनेमावर निघालेली कादंबरी, ज्यावरून चित्रण झालं ती पटकथा, आणि आकारामची पहिली कच्ची वही. चौथी गोष्ट म्हणजे सिनेमा, तो तर सगळ्या गावाच्या तोंडीच होता.

त्यांनी फुलस्केप कागद जोडून मोठा तक्ता केला आणि त्यावर पट्टीनं रकाने आखले. डावीकडं मुद्दे लिहिले. गुरुजींचा पोशाख. गुरुजींचे विचार. गुरुजी किती वेळा पडतात. गुरुजी एकूण काय करतात.

सुलतानबींनी तक्ता वाचला. “ह्यात पैलवान कुठाय?”

“तो आहेच,” गुरुजी म्हणाले. “तो वरून जातो.”

इथंच गुरुजी थांबले असते तर फुलस्केप कागदावर भागलं असतं. पण ते वाचनालयात बोलले. वाचनालयाचे चिटणीस गणपतराव भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळं कुठल्याही गोष्टीला हद्द घालून दिल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. त्यांनी तिथल्या तिथं तारीख ठरवली आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, ‘बुधवार, सायंकाळी सहा. मूळ लेखन आणि त्याचे मारेकरी. वक्ते मु. मुल्लाणी गुरुजी.’ मारेकरी हा शब्द गणपतरावांचा. गुरुजींनी तो पुसायला सांगितला, तेव्हा गणपतराव म्हणाले, “आता फळ्यावर चढलंय. पुसायला कार्यकारिणीचा ठराव लागंल.”

म्हणजे आता बुधवारच्या आत सिद्ध करणं आलं.

कादंबरी एस. टी. स्टँडवर मिळाली. मुखपृष्ठावर पैलवान उडत होता आणि घोंगड्याचा रंग, का कोण जाणे, गुलाबी होता. गुरुजींनी ती बाकावर बसूनच उघडली आणि अकराव्या पानावर त्यांना धक्का बसला. गुरुजी मेले होते. सर्पदंश. दोन ओळींत. पुढची पंच्याऐंशी पानं त्यांची कुणालाच आठवणही झाली नव्हती, वर्गातल्या पोरांनासुद्धा.

कादंबरीकार हुपरीचे निघाले. नाव बादशहा, धंदा चांदीच्या पैंजणांचा. गुरुजी हुपरीला गेले तेव्हा बादशहा ओसरीवर बसून भट्टी फुंकत होते आणि घरातल्या बायका घुंगरं जोडत होत्या.

“साप का चावला?” गुरुजींनी थेट विचारलं.

बादशहानं फुंकणी बाजूला ठेवली. “बसा की, पावणं. च्या घ्या. आता बघा, सिनेमा लागायच्या दिवशी पुस्तक स्टँडवर पायजे. सिनेमा मी बघितलाच न्हाई. प्रकाशकानं गाण्याची चोपडी धाडली, सोळा पानांची. तिच्यावरनं शहाण्णव पानं काढायची. आमी चांदीची तार वढतो न्हवं, तसं वढलं बघा.”

“मग गुरुजींनाच का मारलं?”

“त्यांच्या नावावर गाणं नव्हतं की. फोटूत मागं हुबं हुतं छत्री घिऊन. ह्या माणसाचं करायचं काय, कळंना. पान अकरापर्यंत सांभाळलं मी त्यास्नी. लई सांभाळलं.” मग फुंकणी उचलता उचलता ते म्हणाले, “तुमी त्यांचं कोण?”

गुरुजींनी चहा घेतला, सुलतानबींसाठी दाखवलेले पैंजण नको म्हटलं आणि परतीच्या एस. टी.त तक्त्यावर लिहिलं, ‘गुरुजी एकूण काय करतात : मरतात.’

पटकथेला जास्त त्रास पडला. स्टुडिओच्या मॅनेजरनं लेखी अर्ज मागितला. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला आणि ‘कारण’ या शब्दापुढं ‘शैक्षणिक’ असं लिहिलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. शैक्षणिक म्हणजे सरकारी, सरकारी म्हणजे करमणूक कर. गुरुजींना पंख्याखालची खुर्ची मिळाली, तांबड्या रश्श्याचं ताट आलं, आणि दोन तास कुणी तरी आतल्या खोलीत कपाटं उघडझाप करत राहिलं. शेवटी, हे गृहस्थ खरोखरच गुरुजी आहेत आणि पडद्यावरच्या गुरुजींबद्दलच विचारायला आलेत, हे कळल्यावर मॅनेजरनं रस्सा परत न्यावा की काय याचा क्षणभर विचार केला. मग पटकथेचं बाड आणून समोर आपटलं.

“न्यायचं न्हाई. हितंच बघा. आणि हसू नका, लोक हसत्यात.”

गुरुजींना हसायचं काही दिसेना. बाडात तीन रंगांची शाई होती. दिग्दर्शकाची तांबडी. पैसे घालणाऱ्या गुळाच्या अडत्याची हिरवी. आणि निळी पेन्सिल, मोठं वळणदार अक्षर. मूळ टंकलेखनात काहिलीजवळ पैलवानच अडखळत होता. नव्यानं उडायला शिकलेला माणूस चुकीच्या जागी उतरतो, असा तो प्रसंग. तिथं निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाठ लागंल. हे होनार न्हाई.’

“हे कुणाचं?”

“पैलवानाचं,” मॅनेजर म्हणाला. “खरा पैलवान घेतला न्हवं आमी. त्याचा वस्ताद रोज सेटवर खुर्ची टाकून बसायचा. म्हणायचा, माझ्या तालमीच्या पोराची पाठ कधी मातीला लागली न्हाई, तुमच्या सिनेमात लावू व्हय? शेणात न्हाई, हौदात न्हाई, काहिलीत न्हाई. पण पडणं तर लिहिलेलं. त्याची सोय कुठंतरी लावायला पायजे का नको?”

प्रत्येक पडण्याच्या शेजारी तांबड्या शाईत एकच ओळ होती. ‘इथं मास्तर पडतील.’ गुरुजींनी मोजलं. सात वेळा. एका तालमीच्या इज्जतीसाठी शिक्षण खातं सात वेळा पडलं होतं. बाहेर येऊन त्यांनी तक्त्यात सात हा आकडा लिहिला. बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. मूळ लिखाणात पडतो तो पैलवान. आपण नाही. आता फक्त पहिली वही.

आकाराम सिनेमा सोडून कसबा बावड्याला नव्या वसाहतीत राहत होता आणि एका कारखान्यात टाईमकीपर होता. पहिल्या फेरीत त्यानं गुरुजींच्या पायाला हात लावला आणि वही सापडत नाही म्हणाला. दुसऱ्या फेरीत, वाळवी लागली म्हणाला. गुरुजी म्हणाले, वाळवी लागलेलीही चालेल. आकाराम खाली बघत राहिला. “जाऊ द्या की गुरुजी, कशाला ते,” एवढं बोलून त्यानं सायकल काढली आणि पाळीची वेळ नसताना कामावर गेला.

तिसऱ्या फेरीला, मंगळवारी दुपारी, तो घरी नव्हता. त्याची बायको बाळाबाई होती. गुरुजींनी तिला ओळख म्हणून एक किस्सा सांगितला. तो त्यांचा लाडका किस्सा होता. शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी तो कितीदा तरी सांगितला असेल. आकाराम एकोणतीसच्या पाढ्यात साताला अडकला. दुसरा मास्तर असता तर दोन छड्या. गुरुजींनी काय केलं? काहीही नाही. उभं केलं आणि म्हणाले, सावकाश आठव, आम्ही सगळे थांबतो. जेवणाच्या सुट्टीनंतर उभा राहिला तो घंटा होईपर्यंत. सगळा वर्ग शांत. आणि अखेर घंटेच्या तोंडावर पोरानं उत्तर दिलं, दोनशे तीन. मारून येत नाही ते धीरानं येतं.

“व्हय, व्हय,” बाळाबाई कौतुकानं म्हणाली. “आजून ताप चढला की ते पाढा म्हणत्यात.”

गुरुजींचे डोळे भरून आले. “संस्कार,” ते म्हणाले.

बाळाबाईनं वही ट्रंकेच्या तळातून काढून दिली. वाळवी लागलेली नव्हती. पुठ्ठ्यात घालून, सुतळी बांधून ठेवलेली होती.

घरी येऊन गुरुजींनी चष्मा पुसला, तक्ता पसरला, पेनात शाई भरली आणि वही उघडली. पहिलं पान असं होतं :

‘शाळा. दुपार. पोरगा उभा आहे. मास्तर मारत नाहीत. मास्तर थांबतात. वर्ग थांबतो. मग गुऱ्हाळातले बैल एक पाय उचलून थांबतात. विहिरीत उतरणारा पोहरा मध्येच थांबतो. आभाळात घार थांबते. पोरग्याला उत्तर येत नाही. मास्तर हसतमुख आहेत. त्यांना राग येतच नाही, म्हणून हे कधी संपत नाही.’

पैलवान नव्हताच. वीज नव्हती. पोरगा खिडकीतून बाहेर पाय टाकतो आणि पडायच्या ऐवजी वर जातो, कारण खाली सगळं थांबलेलं असतं. पुढं तो मोठा होतो, गावोगाव उडत जातो, आणि मास्तर जिथं जिथं प्रश्न विचारून गाव थांबवतात तिथून माणसं सोडवून आणतो. गुंड नव्हते, बंदुका नव्हत्या. खलनायक एकच होता. गोल भिंगांचा चष्मा, काळी टोपी, काखेत छत्री, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘बाळांनो’.

समासात हिरवी शाई होती. अडत्याची. ‘मास्तर असला नको. लोक थेटरात दगड मारतील. मास्तर गरीब, विनोदी कर.’

गुरुजींनी वही दोनदा वाचली. तिसऱ्यांदा फक्त समास वाचला. ज्यांना आठवडाभर फळा मारेकरी म्हणत होता, त्या प्रत्येकानं गुरुजींना थोडं थोडं वाचवलं होतं. अडत्यानं गरीब केलं, वस्तादानं सात वेळा पाडून हसवलं, आणि हुपरीच्या बादशहानं तर अकराव्या पानापर्यंत सांभाळून नेलं. काहिलीत पडलेले गुरुजी ही त्यांची त्यातली बरीच चांगली आवृत्ती होती.

“झालं का लिहून?” सुलतानबींनी विचारलं.

“होतंय,” ते म्हणाले, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘थांबतात.’

बुधवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मारेकरी या शब्दानं माणसं आणली होती. आकारामही आला होता. गुरुजींनी वही मिळण्याच्या आधीच त्याला निमंत्रण धाडलं होतं. मागच्या भिंतीला टेकून तो बसला होता.

वही समोर नसल्यासारखं बोलावं, असं गुरुजींना रस्ताभर वाटत आलं होतं. पण पोरांना ते जन्मभर सांगत आले होते, पाहून लिहायचं तर आहे तसं लिहायचं. त्यांनी कादंबरी वाचली, लोक हसले. पटकथेतली निळी पेन्सिल, उतरवून आणलेली, वाचली, लोक खूप हसले, आणि मागून कुणी तरी म्हणालं, “म्हंजे आपलं गुरुजी पडलंच न्हाईत की.” मग त्यांनी वही उघडली आणि पहिलं पान आहे तसं वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

सभागृह गप्प झालं. ती शांतता गुरुजींना समजल्यासारखी वाटली. लोकांना कळलंय, असं त्यांना वाटलं.

गणपतराव उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “आकाराम, हुबा ऱ्हा. ज्यानं तुला एक चापट मारली न्हाई, त्या माणसावर असलं लिवतोस? हितं, सगळ्यांसमोर गुरुजींची माफी माग.”

आकाराम उभा राहिला. चाळिशीला आलेला माणूस, केस पिकायला लागलेले. 

“बोल की,” कुणी तरी म्हणालं. “आम्ही बसलोय,” दुसरा म्हणाला.

‘त्यानं खरं लिहिलंय.’ तीनच शब्द होते. गुरुजींच्या ओठापर्यंत ते आले. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न येणार होता, मग छत्तीस वर्षांचं काय, आणि तो हे सगळे लोक विचारणार होते, वाणी, न्हावी, वकिलाचा कारकून. या क्षणाला त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यांत काहील नव्हती. होता तो मान, जुना, पुरता, परत आलेला. आधी तो काय म्हणतो बघू, गुरुजींनी मनाशी म्हटलं. मग बोलू.

आकारामनं खिडकीकडं बघितलं. तिला गज होते.

बराच वेळ गेला.

“चुकलं, गुरुजी,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. गणपतरावांनी शाल गुरुजींच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, आणि आभार मानताना म्हणाले की असे शिक्षक आता होणे नाहीत. गुरुजी तीन शब्द घेऊन उभेच होते. पण आता सगळे खुर्च्या आवरत होते.

त्या दिवसापासून गल्लीत त्यांना काहिलीतले गुरुजी कुणी म्हटलं नाही. वाणी उठून नमस्कार करतो. धोंडुबाई मापावर दूध जास्त घालते आणि त्या मेल्या आकारामचं नाव काढून बोटं मोडते.

आकाराम अधूनमधून बाजारात दिसतो. गुरुजी समोरून आले की तो सायकलवरून उतरतो, कडेला होतो आणि हँडल धरून उभा राहतो. गुरुजीही उभे राहतात. आजूबाजूनं टांगे जातात, भाजीवाल्या जातात. आकारामला काही घाई नसते. गुरुजींना अजून उत्तर येत नाही.